साक्ष देताना, स्टेटस टाकताना, कौतुक ऐकताना बढाईपासून कसं जपायचं

जय ख्रिस्त सगळ्यांना. दारू, जुगार, खोटं बोलणं यावर आपल्याकडे वर्षभर उपदेश होतात, बढाईवर मात्र क्वचितच ऐकायला मिळतं, आणि मला वाटतं याचं कारण असं की बढाई मारणारा माणूस बऱ्याचदा मंडळीतला सगळ्यात कामाचा माणूस असतो, कन्व्हेन्शनचा मांडव, जेवण, साउंड सिस्टीम सगळं त्याच्याच जिवावर चाललेलं असतं, मग त्याला बोलणार कोण? शास्त्रात पण हेच दिसतं. उज्जीया राजा बघा, १६ व्या वर्षी गादीवर बसला, ५२ वर्षं राज्य केलं, बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीची तर त्याला मनापासून आवड, यरुशलेमच्या कोटावरून बाण आणि मोठे धोंडे फेकणारी यंत्रं त्याने कारागिरांकडून करून घेतली. २ इतिहासच्या २६ व्या अध्यायात लिहिलंय की त्याला अद्भुत मदत मिळत गेली आणि तो बलवान झाला, आणि लगेच पुढच्याच वचनात, बलवान झाल्यावर त्याचं मन चढलं. हातात धूपपात्र घेऊन याजकांचं काम करायला मंदिरात घुसला, ८० याजक अडवायला आले तर त्यांच्यावरच भडकला, आणि तिथल्या तिथे कपाळावर कोड फुटलं.

म्हणून हे मी लिहितेय ते रोज बायबल वाचणाऱ्या, क्वायरमध्ये गाणाऱ्या, संडे स्कूल घेणाऱ्या लोकांसाठी. ज्यांच्या प्रार्थना देवाने खरंच ऐकल्यात त्यांनाच हा धोका जास्त आहे.

आधी ओळखायचं कसं

आपल्यात गर्व आहे का हे मनात डोकावून सहसा कळत नाही, कारण डोकावणारा पण आपणच. त्यापेक्षा एक सरळ खूण आहे, आपली प्रार्थना कुठे बंद पडलीये ते बघा. ज्या गोष्टीत आपला स्वतःवर पक्का भरवसा बसतो त्या गोष्टीसाठी आपण देवाकडे मागणंच सोडून देतो, ठरवून नाही, आपोआप सुटतं ते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते येशूचा शिष्य पेत्र याच्यात, आणि त्याची ती एक रात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. येशू सांगतोय की आज रात्री तुम्ही सगळे अडखळाल. पेत्र काय म्हणतो, बाकी सगळे अडखळले तरी मी नाही अडखळणार (मत्तय २६). इथे दोन गोष्टी एकदम झाल्या बघा. प्रभूने स्पष्ट सांगितलेलं त्याने खोडून काढलं, आणि तेही बरोबरच्या दहा भावांना खाली ठेवून. त्याचं प्रेम खोटं नव्हतं हं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, तो मनापासून बोलत होता. त्यानंतर काही वेळातच गेथशेमाने बाग, येशू म्हणतो जागे राहा आणि प्रार्थना करा, आणि हा झोपला. मार्कात येशू त्याला जुन्या नावाने हाक मारतो, शिमोना, झोपलास का? एक घटकाभर जागं राहवलं नाही का तुला? एकदा नाही, तीनदा येऊन बघितलं तरी ते झोपलेलेच. आता जो माणूस म्हणतो की मी मरेन पण नाकारणार नाही, त्याला परीक्षेसाठी प्रार्थना करायची गरजच कशाला वाटेल? मग उठल्यावर तलवार काढली आणि मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान कापला, म्हणजे जिथे काही करायचं नव्हतं तिथे केलं. मग दुरून दुरून मागे गेला. मग प्रमुख याजकाच्या अंगणात, ज्यांनी येशूला धरलं त्यांच्याच कोळशाच्या शेकोटीवर हात शेकत उभा राहिला, आणि तलवारीसमोर न घाबरलेला हा माणूस एका दासीच्या प्रश्नाला घाबरला आणि येशूला ओळखतच नाही म्हणाला.

तर करायचं काय. एक कागद घ्या, आठवड्यात तुम्ही जी कामं करता ती लिहा, संडे स्कूलचा धडा, ऑफिसचं प्रेझेंटेशन, गाडी चालवणं, मुलांचा अभ्यास घेणं, सासूबाईंशी बोलणं, जे असेल ते. प्रत्येकासमोर लिहा की या कामासाठी देवाकडे शेवटची प्रार्थना कधी केली. जिथे आठवतच नाही तिथे तुमचा भरवसा स्वतःवर गेलाय असं समजा. आणि हे फक्त कामाचं नाही, मोहाचं पण तसंच आहे. 'मला आता दारूचं काही वाटत नाही, मी नुसता त्यांच्याबरोबर बसतो' असं म्हणणारे भाऊ आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि पुढे काय झालं तेही बघितलंय. १ करिंथ १०:१२ त्यांच्यासाठीच आहे, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं. ज्या अंगणात आपण पडू शकतो त्या अंगणात शेकायला जायचंच नाही, साधी गोष्ट आहे, पण स्वतःवर विश्वास असलेला माणूस ती कधीच करत नाही.

साक्ष कशी तयार करायची

आता मुद्द्याच्या जागी येते. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये साक्षीला मोठी जागा आहे, घरगुती प्रार्थनासभा असो की रविवारची उपासना, कोणी ना कोणी उठून प्रभूने काय केलं ते सांगतं, आणि ते फार चांगलं आहे, ते बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पण बढाई शिरते ती पण इथूनच, कारण साक्षीची सुरुवात 'प्रभूची स्तुती असो' ने होते आणि त्यामुळे पुढे जे काही येईल ते स्तुतीच आहे असं सांगणाऱ्याला पण वाटतं आणि ऐकणाऱ्याला पण. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवा, त्याच्या प्रार्थनेचा पहिला शब्द उपकाराचाच आहे, देवा मी तुझे आभार मानतो. त्यानंतर मात्र मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा पण नाही, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मी सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, नियमशास्त्राने मागितला त्याहून कितीतरी जास्त उपास तो करत होता. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

कोविडनंतरच्या एका प्रार्थनासभेतलं सांगते. एक बहीण उठल्या आणि म्हणाल्या, आमच्या घरात अखंड प्रार्थना चालू होती, आमचा विश्वास डगमगला नाही, म्हणून माझे मिस्टर व्हेंटिलेटरवरून परत आले. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून एक ताई बसल्या होत्या, त्यांचे मिस्टर त्याच लाटेत गेलेले, आणि त्यांच्या घरात काय कमी प्रार्थना झाली होती? त्या हालेलुया म्हणाल्या नाहीत, खाली बघून पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि चहा व्हायच्या आधीच उठून गेल्या. साक्ष देणाऱ्या बहिणीच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांचा आनंद खरा होता. पण 'देवाने वाचवलं' हे वाक्य आणि 'आमचा विश्वास पक्का होता म्हणून देवाने वाचवलं' हे वाक्य यात फार मोठं अंतर आहे, दुसऱ्या वाक्यात श्रेय आपल्याकडे येतं आणि मागे बसलेल्या ताईंवर न केलेला आरोप येऊन पडतो. बढाई म्हणजे नुसतं देवाचं श्रेय चोरणं असं आपण शिकवतो, पण ती माणसाला लागते, आणि आधीच जखमी असलेल्याला जास्त लागते, हे आपण शिकवत नाही.

म्हणून साक्ष द्यायची असेल तर आदल्या दिवशी ती आठ-दहा ओळींत लिहून काढा. मग पेन घेऊन 'मी' आणि 'आम्ही' ला गोल करा. मी उपास केला, मी वचन धरून राहिले, मी हात ठेवला, असे गोल भराभर दिसायला लागले तर त्यातली अर्धी वाक्यं काढून टाका, साक्षीचं काहीही बिघडत नाही. 'म्हणून' हा शब्द तपासा, देवाने का केलं हे त्याने आपल्याला सांगितलेलं नसेल तर आपण ते सांगायचं नाही. ज्यांनी मदत केली त्यांना साक्षीत आणा, रात्रभर उभे असलेले डॉक्टर, रक्त द्यायला धावत आलेला शेजारचा मुलगा, डबा पाठवणाऱ्या काकू, यातली बरीच माणसं आपल्या चर्चची नसतील आणि तरी देवाने त्यांनाच पाठवलेलं असतं. आणि जे अजून सुटलेलं नाही ते पण सांगा, कर्ज अजून आहे, पाय अजून दुखतो. पैशाचे आकडे नकोत.

गिदोनाची गोष्ट साक्ष देणाऱ्याने पाठच करून ठेवावी. मिद्यानी लोकांशी लढायला ३२,००० लोक जमले होते, देव म्हणाला फार आहेत, घाबरलेले २२,००० घरी गेले, उरलेले १०,००० पण फार झाले, शेवटी ३०० उरले. आणि देवाने कारण पण सांगून टाकलंय, नाहीतर इस्राएल म्हणेल की माझ्याच हाताने माझी सुटका झाली (शास्ते ७:२). साक्षीत हे ३०० सांगायचे असतात, आपण किती कमी होतो ते. आपण पुढचा अध्याय सहसा वाचत नाही, पण तोही वाचा, लढाई जिंकल्यावर याच गिदोनाने लुटीतल्या १,७०० शेकेल सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) करून आपल्या गावात ठेवलं आणि तेच त्याला आणि त्याच्या घराण्याला पाश झालं. विजयाची आठवण किती दिवस मिरवायची याला पण मर्यादा असते.

स्टेटस टाकायच्या आधी यशयाचा प्रश्न

हिज्कीया राजा मरणाच्या दारातून परत आला, देवाने १५ वर्षं वाढवून दिली. ते ऐकून बाबेलहून माणसं पत्रं आणि भेट घेऊन आली. एवढी सोन्यासारखी संधी, आणि हिज्कीयाने त्यांना काय दाखवलं, चांदी, सोनं, सुगंधी द्रव्यं, उंची तेल, शस्त्रागार, राजवाड्यातली एकही वस्तू दाखवायची ठेवली नाही. मग संदेष्टा यशया आला आणि त्याने विचारलं, त्यांनी तुझ्या घरात काय काय पाहिलं? तो म्हणतो, सगळं पाहिलं (यशया ३९). बरं करणाऱ्या देवाबद्दल त्यांना काही सांगितलं असं एक अक्षर तिथे लिहिलेलं नाही.

हाच प्रश्न पोस्ट टाकायच्या आधी स्वतःला विचारायचा, हे बघून लोक माझ्या घरात काय पाहतील. नवीन फ्लॅट, मुलाचा व्हिसा, दहावीचे मार्क, आनंद वाटून घ्यायला हरकत नाही, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा असं पौलानेच लिहिलंय. पण सेवेच्या फोटोंबाबत मी जरा कडक आहे. ब्लँकेट घेणाऱ्या आजीचा चेहरा, प्रार्थनेत रडणाऱ्या बाईचा लाईव्ह व्हिडिओ, हॉस्पिटलच्या बेडवरच्या माणसावर ठेवलेला आपला हात, हे टाकू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय आणि आपण ते तीनशे कॉन्टॅक्टना कळवतोय. अहवालासाठी फोटो लागत असेल तर काढा, जिथे द्यायचा तिथे द्या, स्टेटसला नको.

घाई झाली असेल तर पौलाकडे बघा. त्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंतचा अनुभव आला आणि तो सांगितला कधी, १४ वर्षांनी, तोही करिंथच्या लोकांनी भाग पाडलं म्हणून, आणि तोही 'ख्रिस्तातला एक माणूस मला ठाऊक आहे' असं दुसऱ्याचं असल्यासारखं. त्याच्याच आधीच्या अध्यायात तो आपल्या बढाईची यादी देतो, पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा जहाज फुटलं, आणि यादी संपते कुठे तर दिमिष्कच्या कोटाच्या खिडकीतून त्याला टोपलीत बसवून खाली सोडलं तिथे. बढाई मारायचीच असेल तर माझ्या दुर्बळतेची मारेन असं म्हणून त्याने ही गोष्ट निवडली. आपल्या बायोडेटात अशी टोपली कोण लिहितं?

कौतुक झालं तर

सोपं आहे, 'थँक यू, बरं वाटलं ऐकून' म्हणायचं आणि विषय बदलायचा. 'छे छे, मी कसली, मी तर धुळीचा कण' असं म्हटलं की समोरच्याला आणखी दोन वाक्यं कौतुक करावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याला तेच हवं असतं. मार्सेयला मठ स्थापन करणारा पाचव्या शतकातला योहान कॅसियन लिहितो की जुने मठवासी या पोकळ मोठेपणाला कांद्याची उपमा द्यायचे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. भारी कपड्यांचा गर्व सोडला की साध्या कपड्यांचा येतो, बोलण्याचा सोडला की मौनाचा येतो. त्यामुळे सगळे पापुद्रे सोलून मग कामाला लागू असं कोणी ठरवू नये, काम करत राहावं आणि दिसेल तो पापुद्रा देवासमोर कबूल करत जावं.

आणि हुशारी लपवणं म्हणजे नम्रता असा एक गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय, मुलींच्या बाबतीत तर फारच. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. त्यांनी आपली विद्या कुठे लपवली? हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये राहून आयुष्यातली शेवटची वर्षं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली, कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईला वाचून समजावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या तोवर काम पुरं झालं होतं. पौल विचारतो, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? मिळालेलं आहे तर ते वापरायचं, आणि ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्या उपयोगी पडेल असं वापरायचं.

इंटरव्ह्यूत काय बोलायचं

हा प्रश्न तरुण मुलं नेहमी विचारतात, तिथे स्वतःबद्दल चांगलं बोलावंच लागतं, मग ते पाप का? योसेफाचा इंटरव्ह्यू वाचा, उत्पत्ती ४१. अंधारकोठडीतून बोलावणं आलं, त्याने दाढी केली, कपडे बदलले, म्हणजे नीट तयार होऊन गेला. फारो म्हणतो तुला स्वप्नांचा अर्थ सांगता येतो असं ऐकलंय. योसेफ म्हणतो, मी नाही, उत्तर देव देईल. एवढं एक वाक्य, लांबलचक नम्रतेचं भाषण नाही. आणि त्यानंतर सरळ योजना, सात वर्षांच्या सुबत्तेत पिकाचा पाचवा हिस्सा घ्या, अधिकारी नेमा, धान्य शहरांत साठवा. चाचरला नाही, गोलमोल बोलला नाही. तर जे खरं केलंय ते खरं सांगा, टीमने केलेलं टीमचं म्हणून सांगा, येत नसेल ते येत नाही म्हणून सांगा.

पुढच्या प्लॅनबद्दल बोलताना याकोब ४:१५ आहेच, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे किंवा ते करू. तोंडी सवय म्हणून म्हणू नका, लोन घ्यायच्या, दुकानाची दुसरी शाखा काढायच्या आधी खरंच विचारा.

बढाई मारून झालीच असेल तर

ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच दुरुस्त करायचं, ग्रुपवर बोललो असू तर ग्रुपवर. दोन वाक्यं पुरतात, 'काल मी जे सांगितलं त्यात माझंच जास्त आलं, खरं तर अमुक भावाने सगळी व्यवस्था केली होती'. पश्चात्तापाची लांब पोस्ट लिहिली की ती पण कौतुक गोळा करायला लागते. एखाद्या विशिष्ट माणसाला लागलं असेल तर ग्रुप सोडा, फोन करा किंवा घरी जा.

पेत्राला प्रभूने कसं उभं केलं ते योहान २१ मध्ये आहे, पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि प्रश्न, शिमोना, तू यांच्यापेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करतोस का? त्या रात्री इतरांशी तुलना त्यानेच केली होती. आता उत्तर देताना त्याने 'यांच्यापेक्षा' ला हात लावला नाही, एवढंच म्हणाला, प्रभू, तुला ठाऊक आहे. आणि प्रभूने त्याला घालवून दिलं नाही, मेंढरं सोपवली.

शेवटचं काम, आणि हे या आठवड्यातच करा. एक माणूस ठरवा ज्याला तुम्ही परवानगी द्याल की मी चढतोय असं वाटलं तर मला तोंडावर सांग. बायको किंवा नवरा चालेल, पण घराबाहेरचा कोणी असेल तर जास्त बरं, पाळकांनी आणि कमिटीवरच्या लोकांनी तर असा माणूस ठेवावाच, कारण त्यांना कोणी आपणहून सांगत नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं, आणि तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्रात 'आपला प्रिय बंधू पौल' असं लिहिलेलं सापडतं. तुमचा माणूस जेव्हा पहिल्यांदा काही सांगेल तेव्हा मनात लगेच उत्तर तयार होईल, ते त्या दिवशी देऊ नका. घरी जा, प्रार्थना करा, दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला विचारा की नेमकं कोणत्या वाक्यावरून वाटलं.